दोन मजली घरासाठी कॉर्डलेस फोन: अमेरिकेहून मागवावा का?

सांगलीकर:
आईबाबांसाठी कॉर्डलेस घ्यायचाय. घर दोन मजली, स्लॅबचं. लँडलाइन नुकतीच तांब्याच्या तारेवरून फायबरवर आली. तिचा मोडेम खाली हॉलमध्ये, टीव्हीमागे आहे. बाबा श्रवणयंत्र लावतात, आईला गुडघ्यांमुळे सारखं वरखाली जमत नाही. मावसभाऊ दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तिथला तीन हँडसेटचा संच आणू का विचारतो. आणि लाइट गेल्यावर फोन चालेल का?

तारजोड:
तिकडून मागवू नका. 110 व्होल्टचा अडॅप्टर बदलून भागेल, पण फ्रिक्वेन्सी बदलता येत नाही. डेक्ट म्हणजे डिजिटल कॉर्डलेस फोनची ठरलेली पद्धत; तिथले 'डेक्ट 6.0' फोन 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे 1920 पासून वरचा पट्टा मोबाइलचा, फोनकडून टॉवरकडे जाणारा सिग्नल त्यातूनच जातो. तुमचा बेस, म्हणजे लाइनला जोडलेला मुख्य भाग, मोबाइलला त्रास देणार आणि तुमचाही आवाज तुटणार. इथले डेक्ट फोन 1880 ते 1900 मध्ये बसतात. शिवाय तिकडचे फोन कॉलर आयडी, म्हणजे कोणाचा फोन आला तो नंबर, एफएसके या एकाच सिग्नल-पद्धतीने वाचतात. लाइनवर नंबर डीटीएमएफने (बटणं दाबल्यावर वाजतात तशा सुरांनी) येत असेल तर स्क्रीन कोरीच राहील.

इथेच एक बेस आणि दोन हँडसेटचा डेक्ट संच घ्या. वरच्या हँडसेटच्या चार्जरला फक्त प्लग लागतो, फोनची वायर न्यावी लागत नाही. 2.4 गिगाहर्ट्झचे मॉडेल टाळा. वाय-फाय त्याच पट्ट्यात असतं, मोडेमशेजारी ठेवलं की खरखर सुरू.

खोक्यावर लिहिलेले 300 मीटर मोकळ्या मैदानातले. घरात 50 धरा, तेही एका स्लॅबपर्यंत. बेस जिन्याजवळ, छातीच्या उंचीवर ठेवा. टीव्हीमागे, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटाला चिकटून अजिबात नको. मग एका हँडसेटवरून दुसऱ्याला इंटरकॉम लावा आणि बोलत बोलत बाथरूमपासून गच्चीपर्यंत सगळीकडे फिरा. कुठे तुटतं ते लगेच कळतं.

वायरमन_७१:
लाइटचं नीट समजून घ्या. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट यायचे, म्हणून साधा फोन अंधारातही वाजायचा. फायबरचा मोडेम मात्र घरच्या विजेवर चालतो. लाइट गेली की साधा फोनसुद्धा मुका. त्यामुळे मोडेम आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. राउटरचा छोटा यूपीएस बहुधा 9 किंवा 12 व्होल्ट देतो, बेसचा अडॅप्टर अनेकदा 5.5 किंवा 6.5 चा असतो. पिन बसली म्हणून लावू नका, स्टिकर वाचा.

आणखी एक. भिंतीतली जुनी टेलिफोन वायर वापरणार असाल, तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी रोझेटमधून (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतून) आधी सोडवा. ती तशीच राहिली आणि मोडेमचा फोन पोर्ट तिला जोडला, तर पोर्ट जळू शकतो.

निकेल:
सेलचं सांगतो, कारण बहुतेक 'बिघडलेले' हँडसेट बिघडलेले नसतातच. आत एएए मापाचे दोन रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात, 1.2 व्होल्टचे. त्या जागी रिमोटचे साधे 1.5 व्होल्टचे घातले, की चार्जर त्यांनाही चार्ज करायला जातो, ते गळतात आणि स्प्रिंगला हिरवट थर धरतो. नवा फोन आधी सलग सात-आठ तास चार्ज करा. पुढे कधी बॅटरी पूर्ण दिसते पण दोन मिनिटांत फोन बंद पडतो, असं झालं तर दोन्ही सेल एकदम बदला. त्याआधी चार्जरच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून बघा. नुसत्या मळानेही असंच होतं.

अनुराधा_ऑडिओ:
बाबांना दुकानात सोबत न्या. डेक्ट सेकंदाला 100 वेळा सिग्नल सोडतो, त्याची गुणगुण काही श्रवणयंत्रांत ऐकू येते. चालू कॉलवर यंत्र एकदा मायक्रोफोनवर आणि एकदा टेलिकॉइलवर (फोनचा चुंबकीय सिग्नल पकडणारी यंत्रातली कॉइल) ठेवून ऐकवा. गुणगुण दोन्हीत राहिली तर स्पीकरफोनचा आवाज खणखणीत आहे ना, ते पाहा. रिंग खालच्या पट्टीतली निवडा. वयानुसार आधी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, त्यामुळे किणकिण वाजणारी रिंग शेजाऱ्यांना ऐकू जाते, बाबांना नाही. रिंगसोबत दिवा लुकलुकणारं मॉडेल मिळालं तर फार बरं.

सांगलीकर:
मावसभावाला नको म्हणून कळवतो. मोडेम टीव्हीमागून हलणार नाही, जिना तिथून आठेक मीटरवर आहे. चालेल?

तारजोड:
चालेल. मोडेम तिथेच राहू द्या, बेस तेवढा जिन्याशी न्या. दोन तारांची टेलिफोन वायर 10-15 मीटर सहज चालते. फक्त ती विजेच्या वायरिंगच्या पट्टीतून नेऊ नका, लाइनवर घरघर येते.