क्रॉसविंडमधला (आडव्या वाऱ्यातला) टेकऑफ: दोष वाऱ्याचा की पायलटचा?

रनवे०९: कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय, "सेसना १७२ या छोट्या विमानाची क्रॉसविंड मर्यादा १५ नॉट (ताशी सागरी मैल), त्यापुढे उडतो तो गुन्हेगार." अहो, मॅन्युअलमधला १५ चा आकडा म्हणजे चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उडवून दाखवलं, बस्स. मर्यादा कुठून आली? आणि कोन बघायचा की नाही? २० नॉट वारा रनवेशी ३० अंशांत असेल तर आडवा भाग १० च.

टेलव्हीलवाला: ते लिहिणारा मीच. पाडा कीस शब्दांचा! पण वाऱ्याच्या अचानक झोताचं काय? शिकत असताना एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या हलत्या पट्ट्या) वाऱ्याकडे धरायला विसरलो. डावीकडून झोत आला, डावा पंख उचलला, नाकही डावीकडेच फिरलं. कडेच्या दिव्यांपासून हातभर अंतरावर थांबलो. तुमचं ते ३० अंशांचं गणित तेव्हा कुणाच्या डोक्यात असतं?

रनवे०९: म्हणजे विसरलात तुम्ही आणि गुन्हेगार वारा. छान.

टेलव्हीलवाला: बरं, माझं सोडा. डेन्व्हर, डिसेंबर २००८. बोइंग ७३७ प्रवासी विमान टेकऑफच्या धावेतच रनवेबाहेर. झोत ४५ नॉटचा. तिथे लहान विमानाची काय कथा!

रनवे०९: त्या अपघाताचा अहवाल वाचलाय का? कॅप्टनने रडर (शेपटीवरचं सुकाणू) सोडला, हे कारण दिलंय.

टेलव्हीलवाला: आणि वारा त्याच्या प्रशिक्षणापलीकडचा होता, हे त्याच वाक्यात पुढे लिहिलंय. ते गिळलंत?

खिडकीपाशी: खरा घात टेलविंडकडे, म्हणजे वारा पाठीशी घेत, वळताना होतो. वळलं की एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) पडतो. मी स्वतः अनुभवलंय.

रनवे०९: आलं हे भूत परत! विमान हवेत तरंगतं हो, हवेसोबत वाहतं. जमीन कुठे आहे हे त्याला कळतही नाही.

खिडकीपाशी: पुस्तकी उत्तर. काटा खाली आला तो काय मला भास झाला?

रनवे०९: भासच. जमीन भराभर मागे पळताना दिसते, वेग भरपूर वाटतो, माणूस नाक वर ओढतो आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचल गायब.

टेलव्हीलवाला: थांबा. जमिनीलगत वारा उंचीगणिक वाढतो. टेलविंडमध्ये चढत राहिलात तर काटा खरंच पडतो. वळण्यामुळे नाही, चढण्यामुळे.

खिडकीपाशी: म्हणजे पडतो!

रनवे०९: पडतो, बाबा, पडतो. खूश? पण १५ ला मर्यादा म्हणणं आधी मागे घ्यायला सांगा त्यांना.

टेलव्हीलवाला: घेतलं. माझ्यापुरती मर्यादा १० च राहील.