झिपरूंच्या पिल्लांत चांदणी फारच वाढलीये, नियम कुठे चुकला?

रेघोट्या:
झिपरू हा आमचा काल्पनिक प्राणी, लांब कान, झुपकेदार शेपूट, मांजर आणि कोल्हा यांच्या मधलं काहीतरी. आम्ही सात-आठ जण त्याची चित्रं काढतो, जोड्या लावतो आणि पिल्लांचे रंग फासे टाकून ठरवतो. चांदणी म्हणजे पाठीवर मधोमध एकच मोठा पांढरा ठिपका, ती दुर्मिळ असं मी नियमांत लिहिलंय आणि जीन डॉमिनंट ठेवलाय. पहिल्या वीसांत एकालाच होती, आता चौथ्या पिढीत निम्म्याहून जास्त पिल्लं चांदणीवाली!! डॉमिनंट आहे म्हणून पसरतेय का, रिसेसिव्ह (दोन प्रती असल्या तरच दिसणारा) करून टाकू? शिवाय एकीने विचारलंय की पंजे काळेभोर आणि पाठच कशी पांढरी, तिला काय सांगू?

दोन_फासे:
डॉमिनंटवर खापर फोडू नका. पिल्लाला प्रत्येक जीनची एक प्रत आईकडून, एक बापाकडून येते, डॉमिनंट म्हणजे त्यातली एक प्रत असली तरी दिसतो, बास, किती जणांत आहे हा वेगळा हिशोब. हा गोंधळ जुनाच आहे, १९०८ मध्ये हार्डी नावाच्या गणितज्ञाने दाखवून दिलं की जोड्या कशाही, निवड न करता लागल्या आणि संख्या भरपूर असली तर जीनचं प्रमाण पिढ्यानपिढ्या तेवढंच राहतं. तुमच्याकडे निवड होतेय ना, ज्याला त्याला चांदणीवाल्याशीच जोडी लावायचीये, मग दुसरं काय होणार. रिसेसिव्ह केलंत तर ती नुसती लपून बसेल आणि मग दोन साध्या आईबापांना अचानक चांदणीवालं पिल्लू झालं की फासे खोटे टाकले म्हणून भांडणं. आमच्याकडे राखी रंगावरून नेमकं हेच झालंय.

त्यापेक्षा दोन प्रतींना किंमत ठेवा. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही म्हणून मी च म्हणजे चांदणी, स म्हणजे साधा असं लिहितो. चस आणि चस यांची जोडी लावली की चारात एक चच, दोन चस, एक सस असा अंदाज. चच काय होईल ते तुम्ही ठरवायचं. घोड्यांत फ्रेम नावाचा पांढरा नमुना आहे, त्याच्या दोन प्रती आल्या तर शिंगरू पांढरंफेक जन्मतं आणि आतड्याच्या नसाच नीट तयार न झाल्यामुळे काही दिवसांत जातं. तसं केलंत तर चांदणी-चांदणी जोडी लावायला लोक आपोआप कचरतील.

मांजरपाय:
पिल्लं मारायची?? आम्ही विरंगुळा म्हणून हे करतो हो. क्रीम जीनसारखं करा की, तांबूस घोड्याला एक प्रत आली की अंग सोनेरी, दोन आल्या की जवळजवळ दुधाळ आणि डोळे निळे, आणि घोडा ठणठणीत. चच म्हणजे आख्खं फिकट झिपरू, ज्यावर चांदणी दिसणारच नाही! चांदणीसाठीच हपापलेल्यांना तेवढी शिक्षा पुरे.

अर्धवट_चित्रकार:
पंजांचा प्रश्न ज्या कुणी विचारलाय तिची नजर भारी आहे. गर्भात रंगपेशी कण्याच्या बाजूने निघतात आणि तिथून अंगभर पसरत खाली उतरतात, कमी पडल्या की सगळ्यात लांबच्या जागा कोऱ्या राहतात, पंजे, पोट, छाती, कपाळ, शेपटीचं टोक. पंचकल्याणी घोडा आठवा, चारी पाय आणि तोंड पांढरं. पांढरं वाढत गेलं तर सहसा खालून वर चढतं, पाठ शेवटी. म्हणजे तुमची चांदणी बरोब्बर उलट्या टोकाला बसलीये. स्कंकच्या पाठीवर पांढरं असतं हे खरं, पण तो त्या आख्ख्या जातीचाच नमुना आहे, दहांत एखाद्याला असा नाही. चांदणी छातीवर किंवा कपाळावर आणा, चित्रही जास्त खुलेल (माझं मत).

अजून एक, शेपटीचा नियम आधीच लिहून टाका. अंगावर ठिपके आणि शेपटीवर पट्टे चालतं, चित्त्याची शेपूट बघा, टोकाकडे ठिपके जुळून कडी होतात. ट्युरिंग या गणितज्ञाने १९५२ मध्ये रंगनमुन्यांचं जे गणित मांडलं त्यावरून पुढे निघालं की निमुळत्या जागी ठिपके जाऊन पट्टे येतात, अंगावर पट्टे आणि शेपटीवर ठिपके हे मात्र त्या गणितात बसत नाही. आणि पांढऱ्याखाली कुठला रंग लपलाय तो प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला बोंब.

रेघोट्या:
चांदणी छातीवर आणतेय आणि चच म्हणजे दुधाळ झिपरू, मांजरपाय जिंकली. जुन्या सगळ्या चांदणीवाल्यांची पाठ आता परत रंगवायचीये, त्यातली अकरा माझीच आहेत 😭

दोन_फासे:
रंगवताना चस की चच तेही तपासा. आईबाप दोघंही चांदणीवाले असतील तर ते पिल्लू चच असू शकतं, त्यांच्यासाठी फासे पुन्हा टाकावे लागतील.