लेयरला मराठीत काय लिहू? थर, पदर की अजून काही?

रेघोट्या: बडोद्यात सुट्टीत लहान मुलांना टॅबवर चित्रं काढायला शिकवते, मुलं बहुतेक मराठी घरातली म्हणून पालकांसाठी एक पान मराठीत लिहायला घेतलंय. लेयरला, म्हणजे अ‍ॅपमध्ये चित्राचे भाग एकावर एक वेगवेगळे ठेवतो त्याला, 'थर' लिहिलं तर सासूबाई म्हणाल्या थर धुळीचा नाहीतर दहीहंडीचा, चित्राला पदर म्हण. पण 'नवीन पदर उघडा' हे वाक्य पालकांच्या हातात द्यायला नको वाटतं. काय लिहू?

सुरसागर: सासूबाई बरोबर आहेत. पोळीला पदर सुटतात ते एकत्र असून वेगळे निघतात, लेयरचं तेच. 'उघडा'च्या जागी 'जोडा' लिहा. इंग्रजी शब्द उचलून ठेवू नका एवढंच म्हणणं, आपल्याच गावातून 1931 मध्ये सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला, त्यात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत असे कितीतरी भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेत. त्या गावात आपण लेयर लेयर करायचं?

साइनबोर्डवाला: आमचे वडील रावपुऱ्यात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्यांच्याकडे थर पण नाही नि पदर पण नाही, 'हात' असायचा. पहिला हात प्रायमरचा, तो वाळला की दुसरा हात, मग अक्षरं. कधी 'पुट' पण म्हणायचे. चालता शब्द आहे तर नवा कशाला शोधायचा.

आजवा: दादा पण हात दिला की दिला, तो परत निघत नाही ना. थर, पुट, हात हे सगळे रंगाचे शब्द झाले, रंग लागला तरच ते आहेत. लेयर रिकामा असला तरी असतो, ट्रेसिंग पेपरसारखा, वरखाली सरकवा, डोळ्याचं चिन्ह बंद केलं की गायब. मी सावली अशीच करते, खाली सपाट रंग, वर मल्टिप्लायचा (ही अ‍ॅपमधली रंग मिसळायची सेटिंग) लेयर घेऊन त्यात जांभळट करडा, मग पांढरं दिसत नाही आणि खालचा रंग गडद होतो, नाही आवडलं तर फक्त सावली पुसायची, चेहरा तसाच राहतो. हे 'दुसरा हात' म्हणून कसं समजवणार?

रेघोट्या: हे पटलं ताई, ट्रेसिंग पेपर मुलांना लगेच कळेल. मग 'पारदर्शक कागद' लिहू का? की फार लांब होतं?

सुरसागर: आणि स्टायलसला, टॅबवर चालवायच्या पेनाला, काय लिहिलंय? लेखणी लिहा. लिख् म्हणजे मुळात ओरखडणं. दक्षिणेत, ओडिशात ताडपत्रावर लोखंडी टोकाने कोरायचे आणि मग काजळी चोळायचे. रोमन लोकांचा स्टिलसही मेणाच्या पाटीवर ओरखडायचा, दुसरं टोक चपटं, त्याने मेण सपाट करून खोडायचे. लेखणी आणि स्टायलस एकाच कामातून आलेत.

साइनबोर्डवाला: लेखणी लिहायला. चित्राला कलम. पहाडी कलम, मुघल कलम म्हणतातच की.

सुरसागर: कलम अरबी आहे.

साइनबोर्डवाला: आणि अरबीत ग्रीकमधून गेलाय, तिथे त्याचा अर्थ बोरू. मोडी लिहिणारे तोच बोरू घेऊन बसायचे, मग परका कोण? वडिलांनी जन्मभर कलम म्हटलं, माझ्यासाठी तो मराठीच.

आजवा: आमच्याकडे ब्रशला गुजरातीसारखं पींछीच म्हणतात, पण स्टायलसला पींछी म्हणता येत नाही कारण ब्रश अ‍ॅपमध्ये बदलतो, हातातलं पेन तेच. ताई तुम्ही प्रेशरचं बघा आधी. बऱ्याच पेनांना दाबाच्या 8192 पातळ्या असतात, पण 'दाबा' लिहिलं की मुलं जोर लावतात, निब झिजते आणि स्क्रीनवर ओरखडे येतात. मी 'हाताचा भार' म्हणते, भार कमी केला की रेघ बारीक.

रेघोट्या: 'हाताचा भार' घेतला. लेयरचं मात्र सांगा कोणीतरी, पान उद्या झेरॉक्सला द्यायचंय.

सुरसागर: भार नको, वजन. चित्रकार 'रेषेला वजन आहे' असं म्हणतात.

साइनबोर्डवाला: काका ते रेषेचं झालं. हाताला वजन म्हटलं तर पोरं परत जोरच लावणार. वडील 'हात उचलून धर' म्हणायचे, त्यात दाब नाही, भार नाही, वजनही नाही.