नॉस्टॅल्जिया म्हणजे ‘स्मरणरंजन’च का?

प्रश्न

माझे थोरले मामा बोटीवर होते, मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीत पाच रोजनिश्या सापडल्या, सगळ्या इंग्रजीत. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी त्या तिच्यासाठी मराठीत उतरवतेय. बहुतेक नोंदी तेलाचा दाब, बंदराचं नाव, कोण आजारी पडलं, अशाच आहेत. पण एका पानावर अडले आहे. जहाज ग्रीसच्या पिरीअस बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे आणि मामांनी एवढंच लिहिलंय: ‘आज नारळी पौर्णिमा. नॉस्टॅल्जिया. जेवलो नाही.’

नॉस्टॅल्जियासाठी मराठीत सगळीकडे ‘स्मरणरंजन’ दिसतो. पण ‘आज नारळी पौर्णिमा. स्मरणरंजन. जेवलो नाही.’ असं माझ्या हातून लिहवत नाही. ज्याला घास गेला नाही, त्याचं कसलं रंजन? दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. हा शब्द जन्मला तोच रोगाचं नाव म्हणून. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बासल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो घडवला. ग्रीकमध्ये ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून लांब राहिल्याने माणसं खंगतात, त्यांची झोप उडते, अन्न जात नाही, ताप येतो, असं त्याने नोंदवलं. बर्नहून बासलला शिकायला आलेला एक तरुण मरणाच्या दारात होता. त्याला घरी न्यायला निघाले, तसा तो वाटेतच सुधारू लागला. पुढे परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस सैनिकांच्या बाबतीत हा रोग फार बोलला गेला.

‘जेवलो नाही’ हे होफरने लिहिलेलं लक्षणच आहे. मामांनी शब्द मूळ अर्थाने वापरला, त्यांना त्याचा इतिहास माहीत असो वा नसो.

प्रतिसाद

यात थोडी भर घालतो. शब्द सतराव्या शतकातला असला, तरी ‘नोस्तोस’ प्राचीन ग्रीक कवी होमरचा आहे. ‘ओडिसी’ हे सबंध काव्यच एका नोस्तोसचं आहे. दहा वर्षं ट्रॉयचं युद्ध, नंतर दहा वर्षं घराच्या वाटेवर. त्यातली सात वर्षं काव्याचा नायक ओडिसियस कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर अडकलेला. ती त्याला अमरत्व देऊ करते. तो म्हणतो, माझी बायको पेनेलोपी रूपाने तुझ्यापुढे काहीच नाही, तरीही मला घरी परतण्याचा दिवस पाहायचाय. तो रोज किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघत रडतो.

पहिल्याच सर्गात अथीना देवी त्याच्याबद्दल सांगते की, आपल्या भूमीतून वर चढणारा धूर तरी दिसावा म्हणून हा तळमळतोय. घर नको, माणसं नकोत, नुसता धूर! संध्याकाळी चुली पेटल्यावर कौलांतून निघणारा धूर ज्यांनी लांबून पाहिलाय, त्यांना या ओळीसाठी टीप लागणार नाही.

प्रतिसाद

मला ‘स्मरणरंजन’ची बाजू मांडायची आहे. शब्द तिथेच थांबत नाहीत. विसाव्या शतकात इंग्रजीतही नॉस्टॅल्जियाचं रोगपण गेलं आणि जुन्या गाण्यांत, जुन्या जाहिरातींत रमणं एवढाच अर्थ उरला. तो अर्थ मराठीत आणताना कुणीतरी ‘स्मरणरंजन’ केला आणि तो चपखल बसला. वेदनेची छटा हवी तिथे ‘गतकातरता’ किंवा ‘स्मृतिकातर’ वापरतात. मग चूक कुठे आहे?

प्रतिसाद

चूक शब्दात नाही, तो सगळीकडे चालवण्यात आहे. ‘गतकातरता’ही इथे बसत नाही, कारण ती गेलेल्या काळासाठी आहे. मामांचं घर गेलेलं नव्हतं. ते कोकणात तेव्हाही होतं, त्या दिवशी तिथे नारळ सोडला जात होता. त्यांना काळाचा नाही, अंतराचा त्रास होता.

गंमत अशी, की होमरने या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यात. आठव्या सर्गात फायेशियन राजाच्या मेजवानीत डेमोडोकस हा आंधळा गायक ट्रॉयची गाणी म्हणतो. दरबारी खूश आहेत, पुढचं म्हण म्हणून आग्रह करताहेत. पाहुणा ओडिसियस मात्र जांभळं वस्त्र डोक्यावरून ओढून घेतो आणि त्याआड रडतो. संध्याकाळी तो स्वतःच, ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले त्या लाकडी घोड्याचं गाणं म्हणायला सांगतो आणि ऐकताना पुन्हा कोसळतो. एकच दालन आणि एकच गाणं, पण बाकीच्यांचं चाललंय ते स्मरणरंजन आणि वस्त्राखाली आहे ते दुसरं काहीतरी. आपल्याला शब्द हवाय तो त्या दुसऱ्यासाठी.

(जाता जाता: हा घोडा, ‘ट्रोजन हॉर्स’, होमरच्या दुसऱ्या काव्यात, ‘इलियड’मध्ये आहे असं समजलं जातं. तो तिथे नाही. इलियड हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं. घोडा ओडिसीत येतो आणि सविस्तर येतो तो व्हर्जिलच्या लॅटिन ‘इनीड’मध्ये. घोडा बांधला ग्रीकांनी, शहरात ओढून नेला ट्रोजनांनी. तरी आज संगणकात शिरणाऱ्या घातक प्रोग्रामला नाव मिळालं ‘ट्रोजन’.)

प्रतिसाद

वरचा मुद्दा फार आवडला. त्याला जोडून सायरनबद्दल, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या ओडिसीतल्या मायाविनींबद्दल. बाराव्या सर्गात सायरन गातात, ओडिसियस खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्या गातात काय, हे कुणी फारसं बघत नाही. त्या म्हणतात, ट्रॉयच्या मैदानात दोन्ही बाजूंनी जे जे सोसलं ते सगळं आम्हांला ठाऊक आहे, थांब आणि ऐक. म्हणजे त्या त्याला त्याचाच भूतकाळ गाऊन दाखवायला तयार आहेत! तिथे थांबलेल्यांच्या हाडांचा ढीग त्यांच्याभोवती कुरणात पडलेला आहे. तुम्ही ‘स्मरणरंजन’ म्हणता ते मला या गाण्यात दिसतं. ते बोट थांबवतं. नोस्तोसची कळ बोट पुढे नेते.

१८१९ मध्ये फ्रान्सच्या कान्यार द ला तूर यांनी एक नादयंत्र केलं. ते पाण्याखालीही वाजे, म्हणून त्यांनी त्याला सायरन नाव दिलं. तिथून ते धोक्याच्या इशाऱ्याला लागलं. मराठीने मात्र आपला ‘भोंगा’ सोडला नाही. गिरणगावात घरंच्या घरं भोंग्यावर उठत. आणि २०२२ पासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सात वाजता भोंगा होतो, तो टीव्ही आणि मोबाइल बंद करायला. होमरचा सायरन माणसाला कामावरून भुलवतो, वडगावचा भुलीतून उठवतो. शब्द इतका फिरू शकतो.

प्रतिसाद

सर्वांचं वाचलं. माझ्याकडे एक जुना शब्द आहे, ‘झुरणी’. ‘झुरणीला लागणे’ आमच्याकडे अजून बोलतात. वासरू विकल्यावर गाय झुरणीला लागते, वैरणीला तोंड लावत नाही. होफरचा रोग हाच. ‘घराची झुरणी’ कसं वाटतं?

प्रतिसाद

‘झुरणी’ उत्तम. नॉस्टॅल्जियाच्या मूळ अर्थाला याहून जवळचा शब्द मला सुचत नाही. पारिभाषिक कोशात घ्यावा असा आहे. एकच शंका: झुरणी दिवसेंदिवस चालते आणि ती बहुधा दुसऱ्याने पाहिलेली असते. स्वतःबद्दल, एका दिवसापुरतं, माणूस ‘मी झुरणीला लागलोय’ असं लिहील का?

मूळ प्रश्नकर्तीकडून

तुम्हा सगळ्यांचे आभार. काल आईला ‘स्मरणरंजन’ आणि ‘झुरणी’ असे दोन्ही शब्द घालून वाचून दाखवलं. ‘झुरणी’ ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘झुरत होती ती आमची आई. दादा सणाच्या दिवशी पत्रात एकच लिहायचा.’ आणि तिने ते वाक्य सांगितलं. मामांची मराठी पत्रं घरात राहिली नाहीत, पण वाक्य तिला पाठ होतं. वहीत आता तेच घातलंय:

‘आज नारळी पौर्णिमा. जीव घराकडे लागलाय. जेवलो नाही.’