"आवाज बारीक" म्हणजे नक्की काय कमी?

कोपरीकर
एका पानाचं माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय : जुन्या घाटणीचा पाच वॅटचा ट्यूबवाला गिटार अ‍ॅम्प (एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३ अशा तीन ट्यूब, आठ इंची स्पीकर) आणि त्यातून जास्त आवाज कसा काढायचा. पहिल्याच वाक्याला अडलोय. मी लिहिलं, "आवाज बारीक येत असल्यास…" दोघांना वाचायला दिलं. एकाने त्याचा अर्थ "कमी" असा घेतला, दुसऱ्याने "पातळ, किनरा, खर्ज नसलेला". दोन्ही आजारांची औषधं वेगळी. पहिल्याला स्पीकर बघायचा, दुसऱ्याला कपलिंग कपॅसिटर (एका टप्प्यातून पुढच्यात सिग्नल नेणारा). "रेडिओ बारीक कर" तर आपण सर्रास म्हणतो. मग पत्रकात बारीक चालेल का?

खाडीपलीकडे
चालेल काय, तोच शब्द आहे. टीव्ही मोठा कर, टीव्ही बारीक कर. "ध्वनिपातळी न्यून करा" असं वाशीतच काय, सदाशिव पेठेतही कोणी म्हणत नाही.

तंबोरा
घरात चालतं, पत्रकात नाही. गाण्यात बारीक आवाज म्हणजे नाजूक, वरच्या अंगाचा. तो गळा फाडून लावला तरी बारीकच. उलट बाजूनेही हाच घोळ आहे. "वरच्या पट्टीत भांडले" म्हणतो तेव्हा पट्टी सुराची, पण सांगायचा असतो मोठेपणा. माणूस ओरडला की सूरही चढतो, म्हणून मराठीत दोन्ही एकत्र झाले असावेत. अ‍ॅम्पचं तसं नाही, नॉब कितीही पिळा, सूर तिथेच. "कमी" लिहा.

सहाव्हीसहा
"कमी" लिहूनही सुटणार नाही. "आवाज कमी आहे" या तक्रारीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, नॉब बराच पुढे नेल्याशिवाय अ‍ॅम्प जागाच होत नाही, म्हणजे गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी. दोन, जोर आहे पण स्वच्छ जोर नाही, लगेच फाटतो. तीन, आधी होता, आता गेला.

तिसरी आधी तपासा, कारण ती सुधारणा नव्हे, दुरुस्ती आहे. ६व्ही६ च्या ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १८ ते २० व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. बी-प्लस (नळ्यांना मिळणारा मोठा डीसी व्होल्टेज) ठीक असून तिथे १०-१२ च दिसत असतील तर नळी थकली. फिल्टर कपॅसिटर (तो डीसी सपाट करणारे) सुकले असतील तर आवाज पडतो आणि गुणगुण वाढते. आणि ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर एक गोष्ट हमखास : दमट हवेने सॉकेटच्या पिना काळ्या पडतात. थंड अ‍ॅम्पमध्ये नळी हलकेच चार-पाचदा काढ-घाल केली तरी फरक कळतो.

आत हात घालण्याआधी : प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये साडेतीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात. १०० के (किलोओहम), २ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरच्या प्लसपासून चासीपर्यंत (धातूच्या सांगाड्यापर्यंत) पंधरा-वीस सेकंद लावा, मग मीटरने बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणं ही मर्दुमकी नाही.

अनुस्वार
उपयुक्त आहे, पण "नळी", "ट्यूब", "अ‍ॅम्प", "गेन" अशी खिचडी कशाला? निर्वात नलिका, विवर्धक, लब्धी हे शब्द परिभाषेत तयार आहेत. वापरले नाहीत तर रुळणार कसे?

खाडीपलीकडे
लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन "एक निर्वात नलिका द्या" म्हणून बघा. आपल्याकडचा शब्द व्हॉल्व. "व्हॉल्वचा रेडिओ" तीन पिढ्या म्हणतोय. ट्यूब हा इंटरनेटवरून आलेला अमेरिकन पाहुणा. मराठीत ट्यूब एकतर टायरमध्ये असते, नाहीतर उशिरा पेटते.

तंबोरा
उशिरा तर हीसुद्धा पेटते. तापायला अर्धा मिनिट घेते.

अनुस्वार
व्हॉल्वच म्हणायचं तर "झडप" का नको? फ्लेमिंगने १९०४ साली हे नाव दिलं ते प्रवाह एकाच दिशेने जाऊ देते म्हणून. झडपेचं काम तेच.

सहाव्हीसहा
मग या अ‍ॅम्पमध्ये झडप एकच : एसीचं डीसी करणारी ५वाय३. तिचं कामच एका दिशेने सोडणं. ६व्ही६ चं काम नळासारखं, ग्रिड म्हणजे त्या नळाची चावी. ती तिसरी पट्टी १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने घातली, फ्लेमिंगच्या नावात ती मावत नाही.

मूळ प्रश्नाकडे येतो. गेनला लब्धी म्हणा नाहीतर लाभ, पण गेन वाढवणं आणि आवाज वाढवणं एक नव्हे, हे पत्रकात पहिल्या ओळीत हवं. १२एएक्स७ मध्ये दोन ट्रायोड, म्हणजे गेन देणारे दोन टप्पे, असतात; पहिल्याच्या १.५ के कॅथोड रेझिस्टरला समांतर २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर नसेल तर तो लावा, मायनस चासीच्या बाजूला. उलटा लावला तर फुगेल. त्या टप्प्याचा गेन ३२ च्या आसपासवरून ६० च्या वर जातो. तसंच, त्या जागी आधी कमी गेनची १२एवाय७ असेल आणि १२एएक्स७ लावली तर गुणक साधारण ४५ वरून १०० वर. पण याचा अर्थ एवढाच की पूर्वी ८ वर मिळायचं ते आता ४ वर मिळेल. ६व्ही६ पाच वॅट देते, ती पाचच देणार. बूस्ट पेडलचंही तेच, सुरुवातीला जोर वाटतो, मग आवाज वाढत नाही, दाटतो.

अनुस्वार
"लाभ" नको, राशिभविष्य वाटतं. "दाटतो" मात्र छान.

पाचपाखाडी
मला वाटतं हवा तो शब्द रंगभूमीवर आहे : फेक. गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेत पोचणारा नट ओरडत नसतो, त्याच्या आवाजाला फेक असते. तोच दम, तेवढाच श्वास, पण पोचतो लांब.

सहाव्हीसहा
वा! स्पीकरच्या कागदावर, एक वॅट देऊन एक मीटरवर मोजलेला, जो डेसिबल आकडा असतो, ती फेकच. आणि खरी कमाई तिथे आहे. छोट्या आठ इंचीची फेक साधारण ९० ते ९४. बारा इंचीत सेलेशन कंपनीचा ग्रीनबॅक ९८, व्हिंटेज ३० तर १००. आता हिशेब : वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल मिळतात, आणि कानाला "दुप्पट मोठं" वाटायला १० च्या आसपास लागतात. ९२ वरून १०० वर गेलात तर ८ डेसिबल, म्हणजे वॅट सहापट केल्यासारखं. पाच वॅटच्या डब्यातून तीस वॅटचा दणका, सर्किटला हात न लावता.

मूळ खोक्यात बारा इंची मावत नाही, वेगळं कॅबिनेट करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ४ ओहमचा असेल तर स्पीकर ४ चा घ्या. ८ चाच मिळाला तर थोडी पॉवर जाते, सहसा नुकसान नाही. जोडायला स्पीकरची वायर, गिटारची शिल्डेड केबल नव्हे. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ठिणगी उडून तो कायमचा जातो.

स्पीकर बदलायचा नसेल तर निदान अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा. जमिनीवरचा आठ इंची घोट्यांना ऐकवत असतो.

खाडीपलीकडे
"या स्पीकरची फेक १००" असं छापलंत तर वाचणारा म्हणेल, दुकानदार फेकतोय.

तंबोरा
दोन नंबरच्या तक्रारीला, म्हणजे स्वच्छ जोर कमी पडतो त्याला, गाण्यातला दमसास घ्या. तान मध्येच तुटली तर गळा बारीक आहे म्हणत नाहीत, दमसास कमी म्हणतात. आणि दमसास असलेला स्वच्छ मोठा आवाज तो खणखणीत. नाणं आपटून बघण्यातला शब्द आहे.

कोपरीकर
फेक आणि दमसास दोन्ही घेतो. पण फाटणं? मी आधी "आवाज फुटतो" लिहिलं होतं.

पाचपाखाडी
फुटतो तो चौदाव्या वर्षी मुलांचा. अ‍ॅम्पचा फाटतो. शिवाय वाचा फुटते ती चांगली, डोकं फुटतं ते वाईट, या क्रियापदाचा भरवसा नाही.

अनुस्वार
फाटणे हा दोष झाला. हे लोक तर त्यासाठीच असले अ‍ॅम्प घेतात. लाटेचे माथे कापले जातात ना? मग "कातरणे". दोषही नाही, गुणही नाही.

सहाव्हीसहा
कातरणं बरोबर आहे, पण गिऱ्हाईक "जरा फाटू दे" असंच म्हणतं आणि कौतुकाने म्हणतं.

फाटण्याची वेळ बदलणारा एक रेझिस्टर आहे : स्पीकरकडून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला येणारा २२ के. त्याचं एक टोक डाख काढून मोकळं केलं की गेन वाढतो, आवाज पुढे येतो, आणि फाटणंही लवकर सुरू होतं. मध्ये छोटा स्विच टाकलात तर दोन्ही मिळतं. नवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर अ‍ॅम्प चालू करताच किंचाळला, तर दुय्यम (स्पीकरकडच्या) बाजूच्या दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत असं समजा. अदलाबदल करा.

अनुस्वार
"डाख" वाचून बरं वाटलं! पण त्या २२ के चं नाव टाळलंत. ऋण पुनर्भरण, तुमचा निगेटिव्ह फीडबॅक.

खाडीपलीकडे
फीडबॅक म्हणजे आता अभिप्राय. "उणा अभिप्राय काढून टाका" लिहा, सगळ्या दुकानदारांना आवडेल.

पाचपाखाडी
५वाय३ च्या जागी जीझेड३४ लावून जोर वाढतो असं वाचलंय. खरं?

सहाव्हीसहा
बी-प्लस ३०-४० व्होल्ट वाढतो, म्हणजे जेमतेम १ डेसिबल. त्यासाठी ६व्ही६ जास्त तापवायची आणि ४५० व्होल्टचे कपॅसिटर कडेला न्यायचे. मला तो सौदा पटत नाही. ६व्ही६ काढून ६एल६ खुपसणं त्याहून वाईट. तिचा हीटर ०.४५ ऐवजी ०.९ अँपिअर ओढतो, छोटा मेन ट्रान्सफॉर्मर भाजून निघतो. पाचाचे पन्नास हवेत तर स्पीकरसमोर माइक लावा आणि हॉलच्या सिस्टिमला द्या.

तंबोरा
पाच वॅट कमी आहेत हेही कोण म्हणतं? ९८ च्या स्पीकरवर पाच वॅट म्हणजे एक मीटरवर १०५ डेसिबल. निवासी भागात रात्री १० नंतरची मर्यादा ४५ ची. घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत सेक्रेटरी वर येईल आणि तो नक्कीच "बारीक करा" म्हणेल.

खाडीपलीकडे
बघा, आलाच बारीक! तिथे त्याला किनरा आवाज नकोय, कमी आवाज हवाय. मुद्दा सिद्ध.

तंबोरा
सेक्रेटरीच्या तोंडी सिद्ध. पत्रकात तो नाही.

कोपरीकर
आता वाक्य असं केलंय : "आवाजाला फेक नसल्यास आधी स्पीकर पाहा, दमसास कमी असल्यास…" इथे पुन्हा अडलो. दमसास कमी असला तरी औषध स्पीकरच ना?

सहाव्हीसहा
हो. फेक वाढली की तेवढ्याच आवाजाला नॉब कमी लागतो, म्हणून फाटत नाही.

अनुस्वार
मग दोन शब्द कशाला? आणि ते "ओहम" आहे की "ओम"? एकदा ठरवा, नाहीतर आठ ओमचा स्पीकर देवघरात ठेवतील.

खाडीपलीकडे
दुकानात "होम" म्हणतात. आठ होम, चार होम.