मदत हवी आहे: वाफवलेलं चिकन हाडाशी लाल, भाज्यांचा मात्र लगदा

सांजवात_१२ (दुपारी ३.१०)
सासऱ्यांना तेल कमी करायला सांगितलंय, म्हणून रात्री चिकन आणि भाज्या एकत्र वाफवते आहे. दोनदा केलं, दोन्हीदा फसलं. वीस मिनिटं ठेवलं तर भाज्या गिचका आणि चिकन हाडाजवळ लाल. आज तिसऱ्यांदा करणार. ते साडेसातला जेवायला बसतात, तेव्हा जरा लवकर सांगा. "व्हिडिओ बघा" म्हणू नका, तिथूनच शिकले.

पाटावरवंटा
भांडं कुठलं? तुकडे केवढे? भाज्या कुठल्या? काहीच लिहिलं नाहीत. आम्ही काय कुंडली मांडू?

रांगडा_कोल्हापुरी
वाफवलेलं चिकन म्हणजे आजाऱ्याचं खाणं. चमचाभर तेलात कांदा परता, कांदा-लसूण मसाला टाका, झाकणावर पाणी ठेवून सुकं करा. चमचाभर तेलाने काय होतंय?

सांजवात_१२
आजाऱ्यासाठीच आहे हो. मोदकपात्र. चिकन नेहमीचंच. गाजर, फरसबी, फ्लॉवर.

पाटावरवंटा
"नेहमीचं" म्हणजे?

गुळपोळी
मोदकपात्र सोडा. कुकर घ्या, शिट्टी काढा, पंधरा मिनिटं. विषय संपला.

पाटावरवंटा
शिट्टी काढल्यावर कुकर आणि मोदकपात्रात फरक तो काय राहिला? दोन्हीकडे वाफ १०० अंशांचीच. शिट्टी लावलीत तर १२० च्या आसपास जाते, मग भाज्यांची खीर.

गुळपोळी
फरक असतो. कुकरचं झाकण घट्ट बसतं. तेवीस वर्षं ढोकळा करतेय, तुम्ही किती वर्षं?

पाटावरवंटा
ढोकळ्याला हाड नसतं.

निरामिष
सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या. प्रथिनं भरपूर, कच्चं राहायची भीतीच नाही.

दूरदेशी (न्यू जर्सी)
हाडाशी लाल म्हणजे कच्चंच असं नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातला रंग बाजूच्या मांसात उतरतो, गोठवलेली असेल तर जास्तच. रंगावर जाऊ नका. जाड भागात थर्मामीटर खुपसा, हाडाला टेकवू नका. ७४ अंश सेल्सिअस दिसले की शिजलं.
आणि चिकन नळाखाली धूत असाल तर बंद करा. शिंतोड्यांबरोबर जंतू ओटाभर पसरतात.

रांगडा_कोल्हापुरी
न धुता चिकन? आमच्यात हळद-मीठ लावून तीन पाण्यांनी धुतात. अमेरिकेत राहून माणूस काय काय शिकतो!

दूरदेशी
हळद लावा की, कोण नको म्हणतंय. नळ सोडू नका एवढंच. जंतू शिजवल्यावर मरतात, धुतल्यावर नाही.

सांजवात_१२ (३.५०)
धुण्यावरून नंतर भांडा. थर्मामीटर घरात एकच आहे, ताप मोजायचा. चिकन अर्धा किलो, हाडासकट मांडीचे तुकडे, रविवारी आणून डीप फ्रीजरमध्ये ठेवलेलं. सगळं एकदमच पात्रात रचते आणि गॅस लावते.

पाटावरवंटा
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! बर्फासकट ठेवता आणि पाणीही गार. वीस मिनिटांतली निम्मी वितळण्यातच गेली.
आत्ताच बाहेर काढा. पिशवीचं तोंड घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलोला तासभर पुरतो. गरम पाण्यात नको. मग तुकड्यांना हाडापर्यंत दोन-दोन चिरा द्या. दही, आलं-लसूण, हिरवी मिरची, मीठ चोळा. खोलगट ताटलीत एकच थर लावा, एकावर एक रचू नका. पाणी खळखळल्यावरच ताटली आत ठेवायची. पंचवीस मिनिटं धरा. गाजर-फरसबी शेवटच्या दहा मिनिटांना, फ्लॉवर सातला, आणि चिकनच्या वरच्या चाळणीत, म्हणजे कच्चा रस भाजीवर ठिबकत नाही. झाकणाला फडकं बांधा. काढायच्या आधी जाड तुकडा हाडापर्यंत कापून बघा. रस लाल आला तर आणखी पाच मिनिटं.
आमची आजी खालच्या पाण्यात नाणं टाकायची. खडखड थांबली की पाणी संपत आलं.

सोनचाफा
हळदीचं पान मिळालं तर ताटलीत घाला, वास काय सुटतो! आमच्याकडे नागपंचमीला पातोळ्या त्यातच. पारशी लोक पापलेटला हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवतात, पात्रानी मच्छी. चिकनपेक्षा तेच करा, दहा-बारा मिनिटांत होतं.

गुळपोळी
पातोळ्यांची पिठी हाताने फासता की पानं घडी घालून? माझ्या नेहमी फाटतात.

सोनचाफा
हात पाण्यात बुडवून, पातळ थर. वेगळा धागा काढते.

निरामिष
वड्यांना हळदीचं पान चालेल का?

सांजवात_१२ (रात्री ८.५०)
झालं! पंचवीसला एक तुकडा लाल निघाला, तिसाव्या मिनिटाला सगळे नीट शिजले. फ्लॉवर मस्त, फरसबी कचकच राहिली. नाणं वाजत होतं, मुलगा तेच ऐकत बसला. सासऱ्यांनी चार तुकडे खाल्ले आणि विचारलं, "बरं झालंय, पण रस्सा कुठाय?"

रांगडा_कोल्हापुरी
म्हातारा आमच्याकडचा दिसतोय!!

पाटावरवंटा
पुढच्या वेळी फरसबी तिरकी, बारीक चिरा. आणि ताटलीत साचलेलं पाणी उकळून त्यात मिरपूड, लिंबू घालून वाटीत दिलंत ना? रस्सा तोच.

सांजवात_१२
ते तर मी सिंकमध्ये ओतलं.

गुळपोळी
अगं बाई.