पोटात बाळ असताना योगासनं: तुम्ही काय सोडलंत?

मला सातवा लागलाय. गेली आठ वर्षं आसनं करतेय, त्यामुळे दिवस राहिले तेव्हा आपल्याला सगळं येतं असंच वाटत होतं. काय करावं हे हवं तेवढं वाचायला मिळतं. पण कोणतं आसन कधी सोडलं आणि शरीराने ते कसं सांगितलं, हे बायकाच एकमेकींना सांगतात. ते इथे लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पाचवा संपत आला होता. शवासनात उताणी पडले आणि तीन-चार मिनिटांत कानात घूं घूं, ओठावर गार घाम, मळमळ. घाबरून डाव्या कुशीवर वळले, तर मिनिटभरात सगळं निवळलं. डॉक्टर म्हणाल्या, उताणं झोपलं की वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि बीपी उतरतं. आता शवासन डाव्या कुशीवरच. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली एक चपटी.

दुसरं बाळंतपण, आठवा महिना
मी सोडलं ते अंग पूर्ण ताणणं. भद्रासनात, म्हणजे तळपाय जुळवून बसल्यावर, गुडघे कधी जमिनीला टेकायचे नाहीत, ते अचानक टेकायला लागले. मला केवढा आनंद! पण या काळात संप्रेरकांमुळे सांधे धरून ठेवणारे बंध सैलावतात, हे मला ठाऊक नव्हतं. आठवडाभरात ओटीपोटाच्या पुढच्या हाडात अशी कळ यायला लागली की जिना एकेक पायरी थांबत चढायचे आणि पायजमासुद्धा पलंगावर बसून घालायचे. फिजिओथेरपिस्टने मांड्यांखाली उशा लावायला सांगितल्या आणि ताण पूर्वी जिथे थांबायचा, त्याच्याही अलीकडे थांबायला सांगितलं. महिन्याने जिना जमायला लागला. लवचिकता वाढली म्हणून हुरळून जाऊ नका गं.

पहिलटकरीण, पाचवा महिना
जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याचे कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखायचा कुंभक, दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी बंद केले. अनुलोम-विलोम चालू आहे, श्वास न रोखता. आसन करताना सलग बोलता आलं नाही तर थांबते.

बाळ आता दीड वर्षाचं
माझ्या वाट्याला सगळंच सोडणं आलं. वार (बाळाला पोसणारी, प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या मुखाशी होती. पुष्कळ जणींची ती पुढे वर सरकते, माझी ३२ व्या आठवड्यातही तिथेच होती, आणि मधे एकदा रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी आसनं पूर्ण बंद केली. इतर बायकांचे चटईवरचे फोटो पाहून रडायचे, खरंच. मग पलंगावर पडून लांब उच्छ्वास आणि घोटे फिरवणं, एवढंच करत राहिले. ‘डॉक्टरांना विचारून करा’ हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. वार खाली असेल, गर्भाशयाच्या मुखाला टाका असेल, बीपी वाढलेलं असेल, तर तिथे थांबा. विचारल्याशिवाय चटई उलगडू नका.

गर्भवतींचा वर्ग घेते
ताई, बरं झालं लिहिलंत. वर्गात पहिल्या दिवशी कितवा आठवडा, बीपी, स्राव हे विचारत नसतील तर तो वर्ग नको. तापवलेल्या खोलीतला योगही नको. पोटावर झोपायची आसनं, पोट दाबणारे पीळ आणि नौकासन मी काढून टाकते. पीळ द्यायचाच तर खांद्यांपासून, पोट दाबलं जाणार नाही अशा मोकळ्या बाजूला. आधी कधी केलं नसेल तरी हलकं सुरू करता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, गुंतागुंत नसलेल्या गर्भवतींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितलाय. संथ आसनांनी तेवढा दम लागत नाही, तेव्हा चालणंही हवंच. आणि रक्तस्राव, पाणी जाणं, ठरावीक अंतराने कळा, चक्कर, छातीत दुखणं, एकाच पोटरीला सूज, यातलं काहीही झालं तर चटई तिथेच सोडून फोन करा.

दोन महिन्यांची बाळंतीण
मार्जारासनाने, म्हणजे मांजरासारखं हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करण्याने, माझी कंबर नवव्यापर्यंत सांभाळली. कळांमध्ये लांब उच्छ्वासाचा आधार वाटला. तरी शेवटी सिझेरियन झालं. योग केला की बाळंतपण नॉर्मलच होतं असं मला कुणी तरी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्यामुळे कितीतरी दिवस माझंच काही चुकलं असं वाटत राहिलं. तसं कुणाला सांगू नका.

सुरुवात करणारी
हे मनाला लागलं. मीही मैत्रिणीला अगदी असंच सांगितलं होतं, तिला आज फोन करते. वृक्षासन सकाळी भिंतीला पाठ टेकून केलं, तळवा मांडीऐवजी घोट्याशी.